सोडून गेलेल्या बाईची बाटली

हाडजोडीच्या वेलीचा अर्क दिला की उंदरांची ठिसूळ हाडं भरून येतात, हे संशोधक बाईंनी प्रयोगशाळेत दाखवून दिलं होतं. उंदरांची काही तक्रार नव्हती. माणसांवरची चाचणी मात्र आत्ता कुठे सुरू झाली होती. काही बाटल्यांत अर्काच्या गोळ्या, काहींत दिसायला हुबेहूब, पण नुसत्या पिठाच्या. कुठल्या बाटलीत काय, हे खुद्द बाईंनाही कळता कामा नये, असा नियम बाईंनीच केला होता. गुपित एकट्या, चाचणीचा हिशेब ठेवणाऱ्या आकडेवाल्या गृहस्थांकडे.

"उंदरांची सेवा करतेस," बाईंची आई म्हणाली, "आणि माझं मनगट मोडलं, तर म्हणे माणसांवर अजून पुरावा नाही! मग मलाही उंदीर समज."

बाई विरघळल्या. चाचणी मध्येच सोडून गेलेल्या एका रुग्ण बाईची बाटली त्यांनी पर्समध्ये टाकली. नियम करणाऱ्याला त्यातली पळवाट शोधावी लागत नाही.

आई बघता बघता टुणटुणीत झाली. शेजारणीकडे वेलीचे गोडवे गाऊ लागली. बाईंची कॉलर ताठ. मग एके दिवशी कपाट आवरताना हाडांच्या डॉक्टरांनी आईला दिलेल्या गोळ्या हाती लागल्या. पाकीट फोडलेलंही नव्हतं.

"आई, हे काय?"

"तुझ्या वेलीने भागतंय ना? डबल औषधं कशाला? हो बाजूला, मला स्टुलावर चढून माळा आवरायचाय."

बाईंनी आईला खाली बसवलं आणि त्या बाटलीत काय आहे हे विचारायला आकडेवाल्यांना फोन लावला.

"सांगतो," आकडेवाले म्हणाले, "पण मग या चाचणीतून तुम्ही बाहेर. नियम तुमचाच आहे, मॅडम."

"ठाऊक आहे. बाटली माझ्या आईच्या पोटात चाललीय."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"पीठ आहे हो."

आई ऐकतच होती. "पिठाने एवढा गुण, तर अर्काने काय होईल! ती बाटली आण."

"आता ती मला कुणी देणार नाही. माझं त्यातलं काम संपलं."

आईने स्टूल भिंतीकडे सरकवलं. माळा तसाच राहिला.

सकाळी तिने उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर डॉक्टरांची गोळी घेतली आणि तोंड वाकडं केलं.

"अर्धा तास आडवं व्हायचं नाही म्हणतात," ती म्हणाली. "बस समोर. तुला तरी आता कुठे जायचंय?"