आ करा

शालूबाई लेकीच्या बाळंतपणाला इचलकरंजीला निघाली तेव्हा तिनं घराची एक किल्ली शेजारी दिली आणि नवरा तानाबाईच्या हवाली केला. नवरा म्हणजे केरबा. उद्यमनगरच्या कारखान्यात लेथवर अर्धा जन्म घातलेला आणि उरलेला गुत्त्यात. तानाबाई गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध विकायची.

डॉक्टरांनी केरबाला दारू सोडायची गोळी दिली होती. रोज एक, आणि ती घेताना कुणीतरी समोर उभं राहून बघायचं. गोळी अंगात असताना घोट घेतला तर माणूस लालबुंद होतो, छाती धडधडते, जिवावरही बेततं. बंद केली तरी अंमल लगेच उतरत नाही. हे सगळं ऐकून केरबानं आपणहून मान हलवली होती. गोळीवर त्याचा राग नव्हता. खरं तर त्याचा कशावरच राग उरला नव्हता.

"एक दिस जरी चुकला असं कळलं, तर मी लेकीकडंच ऱ्हाते," शालूबाई एसटीत चढताना म्हणाली होती. ओरडली असती तर केरबानं मनावर घेतलं नसतं. ती हळू बोलली.

तानाबाईचं काम चोख. गोळ्यांचं पाकीट तिच्या कमरेच्या पिशवीत असायचं. केरबा आला की ती गोळी त्याच्या हातावर ठेवायची, फेसाळ गलास पुढं करायची आणि चारचौघांत म्हणायची, "आ करा." केरबा आ करायचा. तालमीतली पोरं, निवृत्त मास्तर, सगळे त्याच्या जिभेखाली डोकावून घ्यायचे. पोरांनी त्याला 'खुराकवालं पावणं' असं नाव पाडलं. पूर्वीचा केरबा त्यापायी कुणाची तरी गचांडी धरून मोकळा झाला असता. आता तो मिशीवरचा फेस पुसायचा आणि चालू लागायचा. दूध गोड असतं म्हणे. असेल. हल्ली रविवारचा तांबडा रस्साही त्याला नुसता गरम लागायचा.

त्या दिवशी तो उशिरा पोचला. गर्दी पांगली होती. तानाबाईचा भाऊ वारला म्हणून ती पहाटेच गगनबावड्याला गेली होती, आणि कट्ट्यावर तिचा लेक पृथ्वीराज कानाला मोबाइल लावून उभा होता. त्यानं गलास दिला, खिशातून पाकीट काढून केरबाच्या हातात टेकवलं, आई म्हणाली तुमचं तुम्हीच घ्या, एवढं सांगितलं आणि पाठ फिरवली. फोनवर त्याचं 'व्हय, व्हय' चाललं होतं.

पाकीट पहिल्यांदाच केरबाच्या ताब्यात आलं होतं. पृथ्वीराजला 'बाबा, जरा बघ' म्हणावं, तर जिभेला ते जड गेलं. ज्या पोराला त्यानं चड्डीत पाहिलं होतं, त्याच्यापुढं आपणहून तोंड उघडायचं?

त्यानं गोळी काढून तळहातावर घेतली. पायाशी गटार वाहत होतं. आजची त्यात, उद्याची त्यात, तानाबाई यायला तेरावा उरकेल. तोवर गोळी उतरून अंग मोकळं. हिशोब सरळ होता. दारूची फार ओढ होती असंही नाही. उतारावर सायकल आपोआप चालते, तसा हात गटाराकडं निघाला होता.

मोडक्या शिंगाची म्हैस रवंथ करत त्याच्याकडं बघत होती. तिला कशाचं काही पडलेलं नव्हतं, त्यालाही नव्हतं. दोघांचा मुक्काम एकाच गावात होता म्हणायचं.

केरबानं गोळी तोंडात टाकली, वर दूध घेतलं आणि म्हशीपुढं आ केला. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी शालूबाईचा फोन आला. तानाबाईला ती दुपारपासून लावत होती, लागत नव्हता. केरबानं भाऊ वारल्याचं सांगितलं. पलीकडून यंत्रमागांची खडखड येत होती.

"मग आज?"

"घेतली."

"कुणी बघितलं?"

पृथ्वीराजचं नाव तोंडाशी तयार होतं. पोरगं फोनच्या नादात कशालाही 'व्हय' म्हणालं असतं. थापांच्या असल्या तयार मालावर केरबानं संसार रेटला होता.

"म्हशीनं," तो म्हणाला.

खडखड चालूच राहिली.

"कुठल्या?"

"मोडक्या शिंगाच्या."

"ती व्हय," शालूबाई म्हणाली. "आल्यावर इचारते तिला."

'आल्यावर' हा शब्द केरबाच्या ध्यानात आला. आनंद होईल म्हणून तो थोडा थांबला. झाला नाही. पलीकडं बाळ रडायला लागलं, शालूबाई त्याच्याकडं गेली, फोन तसाच राहिला. केरबाही कानाला लावून बसला.

सकाळी तो कट्ट्यावर गर्दीच्या वेळीच गेला. गोळी जिभेवर ठेवली, दूध प्यायला आणि पृथ्वीराजच्या खांद्याला हात लावला.

"फोन ठेव जरा," तो म्हणाला. "हिकडं बघ."

आणि त्यानं आ केला.