गेलेलं आणि राहिलेलं

दुधाच्या कारखान्यात त्या जोडप्याला कुणी नावानं हाक मारत नसे. लोखंडी माचावर, गाळणीच्या काचेपाशी उभी असायची ती वरची. खाली पंपापाशी असायचा तो खालचा, तिचा नवरा. काम दोघांचं एकच, साय काढलेलं दूध गाळणीच्या नळ्यांतून फिरवायचं. त्या नळ्यांची भोकं इतकी बारीक, की ज्याचं चीज होतं ते जाड प्रथिन आतच अडायचं आणि हलकं तेवढं वरून सोडलेल्या पाण्याबरोबर धुऊन पार व्हायचं. पुस्तकांत या दोन्हींना भारदस्त नावं असतील. कामगारांच्या तोंडी मात्र एक ‘राहिलेलं’ आणि दुसरं ‘गेलेलं’.

जुना पंप असा बोंबलायचा की शेजारच्याचं बोलणं कळू नये. मग खालचा बेंबीच्या देठापासून ओरडायचा, “गेलं?” वरची काचेतून धार बघायची. धारेला हिरवट-पिवळी झाक असली, म्हणजे हलकं अजून आत असलं, तर ओरडायची, “राहिलं!” धार पाण्यासारखी झाली की, “गेलं!” मग तो पंप बंद करायचा. ‘यांचा संसार दोन शब्दांत आटोपतो,’ असं लोक म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. घरीही स्वारी काही बोलकी नव्हती.

मग एका पहाटे तो झोपेतच गेला. ना आजार, ना निरोप. कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालंच, “खालचा वर गेला आणि वरची खाली राहिली.” माणसांना विनोद कुठं करावा हे कळलं असतं तर आणखी काय हवं होतं! वरची डबा न उघडताच उठून गेली.

पुढं साहेबांनी नवी गाळणी आणली. त्यांचा जीव सदा विजेच्या मीटरमध्ये, म्हणून मागं सगळे त्यांना मीटरसाहेब म्हणत. नवी गाळणी थंड दुधावर, कमी दाबावर चालायची. पंप निम्म्याहून हळू फिरायचा आणि त्याचं बटण माचावरच होतं, त्यामुळे खाली माणूस लागेना.

“ऐका, ऐका,” साहेब सगळ्यांना गोळा करून म्हणाले, “काही ऐकू येतंय? काहीच नाही!”

त्याच दुपारी, सगळे पांगल्यावर, वरचीला खालून ऐकू आलं, “गेलं?”

आवाज त्याचाच. फक्त ओरडल्यासारखा नव्हता. आता ओरडायची गरज नाही हे त्यालाही कळलं असावं.

“गेलं!” ती सवयीनं बोलून गेली, आणि मग तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तिचा हात बटणापर्यंत पोचायच्या आत पंप थांबला होता. तिनं वाकून पाहिलं. ओली फरशी आणि पंप, बाकी कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा विचारायला आला. या वेळी धार लख्ख झाली होती, तरी ती म्हणाली, “राहिलं!” जरा वेळानं परत, “गेलं?” परत, “राहिलं!” नवऱ्याशी ती जन्मात पहिल्यांदा खोटं बोलत होती आणि तिला बरं वाटत होतं. भीती वाटायची. पण लोभ भीतीहून मोठा होता. एकदा तिनं विचारूनही पाहिलं, “अहो, बरे आहात ना?”  खालून आलं ते फक्त, “गेलं?”

दूध उगाच फिरत राहायचं, नळ्या चोंदायच्या आणि मीटर पळायचा. उद्या एकदाच ऐकायचं आणि पंप थांबवायचा, असं ती रोज ठरवायची. रोज तोंडातून ‘राहिलं’च निघायचं.

“अहो ताई, वीज वाचवायला आणली ही, आणि जुनीपेक्षा जास्त खातेय,” साहेब वैतागले. “रविवारची पाळी बघतो. नाही जमलं तर हिला परत धाडतो आणि जुना पंप बसवतो.”

 तो पंप बोंबलायला लागला की या हळू आवाजाचं काय ऐकू येणार? घरी तिनं रडत रडत सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या वेड्यात काढतील असं तिला वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “मला ने.”

रविवारी माणसं कमी होती आणि फाटकावरचा रखवालदार ओळखीचा होता. तिनं सासूबाईंना पांढरा डगला, जाळीची टोपी आणि पायांना मोठे होणारे गमबूट चढवले. “पार सोंग केलंस गं माझं,” म्हणत त्या कठडा धरून माचावर चढल्या.

“आई, ते विचारतील. तुम्ही काही बोलू नका, उत्तर मी देते.”

धार निवळत आली. पंपाची नुसती गुणगुण चालली होती.

“गेलं?”

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. लेकाचा आवाज त्यांना कुणी सांगायला नको होता. पण गाळणीची भाषा त्यांना कुठून ठाऊक असणार? कोण गेलं म्हणून लेक विचारतोय, एवढंच त्यांना कळलं. सुनेनं तोंड उघडायच्या आत त्या वाकल्या आणि लहान मुलाला समजावावं तशा म्हणाल्या, “तूच गेलास रे राजा. झोपेत गेलास.”

 मग खालून आलं, “मी?”

“हो रे बाळा.”

पंप थांबला.

“राहिलं!” वरची किंचाळली. “अहो, राहिलंय अजून! ऐकू नका त्यांचं!” तिनं बटण दाबून पंप सुरू केला आणि कठड्यावरून अर्धी खाली वाकली. गाळणी मुकाट चालू लागली. धारेचा थेंब न् थेंब ऐकू येत होता.

सासूबाई तिथंच लोखंडी पायरीवर बसल्या. टोपी हातात घेऊन त्यांनी सुनेला विचारलं, “अगं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं का?”

वरचीनं मान वर केली नाही. ती खालच्या ओल्या फरशीकडे बघत “राहिलं, राहिलं” म्हणत होती, आणि तिला विचारणारं आता कुणी नव्हतं.