ग्लासाखालची घडी

माझे सासरे निवृत्त गवंडी. राहतं घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलं आणि बांधलं तेव्हा ते सरळच होतं. पुढे ते एका अंगाने जमिनीत खचलं. हे साऱ्या गल्लीला दिसत होतं, फक्त त्यांना दिसत नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ एका खिळ्यावर तिरकं दिसायला लागलं, तेव्हा त्यांनी त्याला दुसरा खिळा ठोकला. भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा पेटीत गेला तो परत निघाला नाही.

त्यांचा पुरावा एकच. "रोज सकाळी माझा चहा ग्लासात सरळ उभा असतो. पाणी कधी खोटं बोलत नाही. ज्या दिवशी तो तिरका होईल, त्या दिवशी घर सोडीन."

सासूबाईंनी मात्र त्या उतारावर एकाच गुडघ्यावर भार टाकत संसार केला. आता तो गुडघा बोलायला लागला होता. डॉक्टरांनी सपाट जागी राहा म्हणून सांगितलं होतं. बहिणीच्या शेजारचा तळमजल्याचा फ्लॅट त्या बघूनही आल्या होत्या; मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार होता. म्हणून त्यांनी गुपचूप मला फोन केला: घर वाकडं आहे हे यांना एकदा व्हिडिओत दाखवा.

मी विकायच्या घरांचे व्हिडिओ काढतो. गिंबल वापरतो, म्हणजे कॅमेरा धरायचा मोटरवाला दांडा. हात कसाही हलो, चित्र हलत नाही. बाकी काम पायांचं. गुडघे किंचित वाकवायचे, आधी टाच, मग चवडा, आवाज न करता. बायको म्हणते, तू चोरासारखा चालतोस, पण चोराला निदान घाई असते.

सासऱ्यांना सांगितलं की घराची आठवण म्हणून व्हिडिओ काढतोय. ते इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. मी स्वयंपाकघरातून निघालो आणि बैठकीतून दारापर्यंत तरंगत गेलो. पडद्यावर अख्खं घर कललेलं आलं आणि त्यात सासरे घराइतकेच कललेले.

त्यांनी शांतपणे पाहिलं. म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं. यंत्र बिघडलंय तुमचं, जावईबापू."

वीस वर्षं या धंद्यात आहे मी. माझं डोकं फिरलं. गिंबलला सरळ म्हणजे काय हे शिकवावं लागतं. सपाट जागी ठेवून बटण दाबायचं. ते त्यांना समजावलं, तर म्हणाले, माझ्या टेबलावर ठेवा, यापेक्षा सपाट जागा गावात नाही. टेबल जमिनीइतकंच तिरकं. पण सासऱ्यांशी वाद म्हणजे दगडावर डोकं आपटणं. घ्या म्हटलं, आणि बटण दाबलं.

पुन्हा चालत गेलो. या वेळी घर पट्टीने आखल्यासारखं सरळ आलं. दार उघडलं आणि बाहेरची गल्ली तिरकी. विजेचे खांब आडवे व्हायच्या बेतात, सायकलवरची एक बाई तर आता पडते की मग पडते अशी.

सासऱ्यांना मनापासून वाईट वाटलं. "गल्ली खचलीये. मला संशय होताच." त्यांनी लगेच कागद-पेन घेतलं आणि नगरपालिकेला अर्ज लिहायला बसले. सासूबाईंचा चेहरा उतरला. मला स्वतःची लाज वाटली. रागाच्या भरात मी त्यांचाच फ्लॅट घालवून बसलो होतो.

थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "अजून एकदा काढा. याच यंत्राने, यांच्याच मापाने. यांचा चहा राहिलाय."

मी कॅमेरा टेबलाकडे नेला. काचेचा रिकामा ग्लास नेहमीच्या जागी होता. सासूबाईंनी तो किंचित उचलला, त्याच्या एका कडेखालून कागदाची घडी काढून मुठीत घेतली आणि किटलीतून चहा ओतायला लागल्या. एका बाजूने चहा काठाला टेकला, दुसऱ्या बाजूने बोटभर काच कोरडीच. त्या ओतत राहिल्या. चहा काठावरून उतरला, टेबलावरून वाहत अर्जावर गेला आणि तिथून सासऱ्यांच्या मांडीवर. माझा हात हलला. चित्र हललं नाही.

सासऱ्यांनी ओली मांडी तशीच ठेवून व्हिडिओ तीनदा पाहिला. मग बायकोच्या मुठीकडे पाहिलं.

"किती वर्षं?"

"एकोणतीस."

"मग बोलली का नाहीस?"

"रोज बोलत होते. पण तुमचा चहाही रोज सरळ ठेवत होते."

मला कुठे पाहावं कळेना. मी अजून गुडघे वाकवूनच उभा होतो.

महिनाअखेरीच्या आत ते फ्लॅटमध्ये गेले. गल्लीचा अर्ज मात्र त्यांनी कोरड्या कागदावर पुन्हा लिहून टाकलाच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पहिल्या सकाळी मी तिथे होतो. सासूबाईंनी सवयीने ग्लासाखाली घडी सरकवली, नेहमीसारखाच पाऊण ग्लास चहा ओतला आणि दारात कोण आलं ते बघायला गेल्या. चहा ग्लासात तिरका.

"हे घर वाकडं आहे," सासरे म्हणाले.

मग ते थांबले. ग्लास उचलला, खालची घडी काढली आणि खिशात ठेवली. सासूबाई परत आल्या तेव्हा सासऱ्यांच्या हातात किटली होती, आणि ते खाली वाकून, श्वास रोखून, बायकोचा ग्लास सगळ्या बाजूंनी काठापर्यंत भरत होते.