मोडतोडीतला वाटा

“वहिनी, तुम्हाला यात ओढायचंच नाही आम्हाला,” छापखानेवाला म्हणाला आणि त्याने तिच्यासाठी खुर्ची पुसून पुढे केली.

हँगरमध्ये विमान नाकावर टेकून उभं होतं. पुढच्या चाकाचा दांडा मागे दुमडला होता, पंख्याची पाती वाकली होती. दातांच्या डॉक्टरांच्या हातून उतरताना ते जोरात आपटलं. डॉक्टरांना खरचटलंही नव्हतं, पण चेहरा पार उतरला होता.

विमान तिघांच्या मालकीचं होतं: डॉक्टर, छापखानेवाला आणि तिचा नवरा. नवरा जाऊन दीड वर्ष झालं, त्याचा वाटा आता तिच्या नावावर होता. ती शाळेचे गणवेश शिवायची. विमानात एकदाच बसली होती, तेही डोळे घट्ट मिटून.

विम्यातून बरंचसं भागणार होतं. उरलेलं कोणी भरायचं, यावरून दोघांची जुंपली.

“ज्याच्या हातून मोडलं, त्याने भरावं. सरळ आहे.”

“चाक आधीपासून खडखडत होतं,” डॉक्टर म्हणाले. “तूच म्हणाला होतास. मग सगळं माझ्याच माथी का?”

“बरं बाबा, अर्धं-अर्धं. वहिनी उडवत नाहीत, त्यांना कशाला भुर्दंड?” छापखानेवाला तिच्याकडे वळला. “खरं तर तुमचा वाटाही आम्ही दोघं घेऊन टाकतो. तुमच्या मागची कटकट जाईल.”

तो मनापासून बोलत होता, म्हणूनच ते तिला जास्त लागलं. नवरा गेल्यावर सुरुवातीला दोघं दर आठवड्याला घरी यायचे. मग नुसता फोन. मग तोही सहीपुरता. विमान मोडल्याचं कळलं, तेव्हा तिने कपाटातून चांगले कपडे काढले होते. आपल्याला बोलावलंय याचा आनंद झाला होता, आणि त्याची तिला वाटेभर लाज वाटत राहिली होती.

“ह्यांनी पंखाचं टोक खांबाला घासलं, तेव्हा कोणी भरलं होतं?” तिने विचारलं.

“तिघांनी,” डॉक्टर हळूच म्हणाले.

“मग आताही तिघांनीच.”

“अहो, पण तेव्हा तो उडवत होता...” छापखानेवाला म्हणाला.

“वाटा आहे ना माझा, भाऊजी? मग मोडतोडीतही आहे. नाहीतर मी इथे कोण?”

आवाज जरा जास्तच चढला. विमानाखाली पाठीवर झोपलेल्या मेकॅनिकचा पाना थांबला.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “पंखा माझ्या चुकीने गेला, तो माझ्याकडे. चाक तिघांनी मिळून झिजवलं, ते तिघांनी करू. चालेल?”

छापखानेवाल्याने थोडी कुरकुर केली आणि मान हलवली.

“आणि ह्यांचा रविवार मला परत हवाय,” ती म्हणाली.

विमान उडवायचे रविवार पाळीपाळीने ठरलेले होते. नवऱ्याचा रविवार दोघांनी आपसात वाटून घेतला होता, तिला न विचारता.

“तुम्ही काय करणार त्याचं?”

“ते माझं मी बघेन.”

शिलाई मशीनची मोटर बदलायचं तिने पुढच्या हंगामावर ढकललं आणि आपला वाटा भरला. विमान दुरुस्त झालं. पहिला रविवार डॉक्टरांचा, दुसरा छापखानेवाल्याचा. तिला दोघांपैकी कोणीही फोन केला नाही. करायचं काही कारणही नव्हतं.

तिसऱ्या रविवारी ती सकाळीच आली. मेकॅनिकने हँगरचं दार सरकवून दिलं. तिने विमानावरचं कापड स्वतः उतरवलं, नीट घडी घातली आणि जपून आत चढली. उजवीकडच्या खुर्चीत बसली, त्या एका वेळी नवऱ्याशेजारी बसली होती तिथेच.

“कुठवर चाललात, ताई?” मेकॅनिकने हसत विचारलं.

“कुठे नाही. आज आमची पाळी आहे.”

त्याचं हसू ओसरलं. तो दुसऱ्या कामाला निघून गेला.

समोरच्या धावपट्टीवर कोणी नव्हतं. कडेचं गवत वाऱ्याने एका बाजूला झोपत होतं. तिने आपला पट्टा बांधला. डावीकडच्या रिकाम्या खुर्चीचा पट्टा खाली लोंबत होता. तिने हात लांब करून तोही अडकवला.