मधली जुळी

“अरे, जुळी कुठं गेली? पोटची जुळी उपाशी ठेवून धाकट्याला भरवता काय?”

हा आवाज नालोंगोबाईंचा. बाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझ्या गिलाव्यात तो अजून घुमतो. मित्रांनो, मी मसाका गावच्या टेकडीवरचा, एका लहानशा कॉलेजातला जुना फळा आहे. लाकडाचा नाही, चाकांवरचाही नाही. भिंतीलाच लिंपलेला. भिंत पडेल तेव्हाच मी पडेन. तोवर कुणी मला हलवून दाखवावं!

गवंड्यानं सिमेंट घोटून घोटून मला गुळगुळीत केलं. मग पहिल्या वर्षाच्या पोरापोरींनी जुने सेल फोडले, त्यांतली काळी पूड कसावा कंदाच्या खळीत कालवली आणि मला माखली. दर वर्षी वर्ग भरायच्या आधी हेच माझं न्हाणं. कपड्यांना डाग पडायचे, आया ओरडायच्या, आणि मी मात्र नव्या नवरदेवासारखा दिसायचो.

आमच्याकडे जुळ्यांच्या आईला कुणी नावानं हाक मारत नाही. ती नालोंगो. तिच्या लेकरांची नावंही तिनं शोधायची नसतात, जन्माचा क्रमच ती देतो. जुळ्यांच्या आधीचा किगोंगो, जुळ्यांतला पहिला वास्वा, दुसरा काटो, आणि त्यांच्या पाठचा किझ्झा. कुणाचं नाव किझ्झा ऐकलं की विचारायला नको, त्याच्या आधी घरात जुळी आलेलीच असणार.

बाई पहिल्या वर्षाला बीजगणित शिकवायच्या. कंसात ‘क्ष अधिक ह’ लिहायच्या, शेजारी पुन्हा तोच कंस, आणि दोघांचा गुणाकार करायच्या. क्ष गुणिले क्ष, हा किगोंगो. क्ष गुणिले ह आणि ह गुणिले क्ष, ही दोन सारख्या तोंडाची जुळी. शेवटी ह गुणिले ह, तो किझ्झा. कुणी घाईघाईनं ‘क्ष वर्ग अधिक ह वर्ग’ एवढंच लिहून हात झटकले की बाई कडाडायच्या, “अरे, जुळी कुठं गेली?” जुळ्यांचा मान चुकला की घरावर संकट येतं, हे आमच्याकडं तान्ह्या पोरालाही ठाऊक. पोरं हसायची, पण ती चूक पुन्हा करायची नाहीत.

पुढच्या सत्रात तीच पोरं माझ्यापुढं कलन शिकायची. वाकड्या रेषेवरच्या एका टिंबापाशी चढ किती, ते काढायची. चढ काढताना जुळी कामाला यायची, आणि चढ काढता आला की पुढच्या वर्षीचं गणित. एकानं वाकायचं, दुसऱ्यानं त्याच्या पाठीवर चढून फणस काढायचा, तसं ते सगळं चालायचं.

बाई गेल्या. नवे प्राचार्य आले. “बीजगणित शाळेत झालं की! पुन्हा कशाला उगाळायचं?” असं म्हणून त्यांनी तो पहिला वर्गच बंद केला. समोरच्या भिंतीवर पांढरा पडदा आला. माझ्या अंगावर जाहिराती आणि सूचना चिकटल्या. वीज गेली की पडदा मुका व्हायचा. मग माझे कागद ओरबाडायचे आणि खडू शोधायचा. मला राग आला नाही, असं सांगितलं तर ते खोटं होईल. आला, आणि अजून उतरलेला नाही.

कलनाला सेम्पेब्वा सर आहेत. माणूस वाईट नाही, आवाज मोठा आहे. आमच्याकडचे शिक्षक वाक्य अर्धं सोडतात आणि वर्ग ते पुरं करतो.

“या चढाला म्हणायचं... काय?”

“विकलज!”

“सगळ्यांना समजलं... का?”

“हो, सर!”

पत्रे थरथरतात. बाहेरून जाणाऱ्याला वाटतं, काय हुशार वर्ग आहे! पण मी समोर असतो. मला ओठ दिसतात. नुसतेच हलणारे.

खिडकीपाशी नंतोंगो बसायची. कलनात एकदा नापास झालेली. परीक्षा आठवड्यावर आली होती, आणि या खेपेलाही नापास झाली तर कॉलेज सुटणार होतं. मधल्या सुट्टीत ती मैत्रिणीला, बिरुंगीला, सांगत होती. “मामा म्हणाले, यंदा बुडालीस तर सरळ केळीच्या बागेत ये. कोयता धार लावून ठेवलाय.”

“मग सरांना विचार ना.”

“वेडी आहेस? सगळा वर्ग हो म्हणतो. मी एकटीनं नाही म्हणू?”

“मीही हो म्हणते.”

“तुला समजतं?”

“मला त्या वेळी भूक लागलेली असते,” बिरुंगी म्हणाली.

दोघी हसल्या. पण नंतोंगोचं हसू लवकर संपलं. मोठ्यांशी बोलताना गुडघे टेकायचं वळण लागलेली पोर ती. मोठ्यांना नाही कसं म्हणायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

सुट्टीनंतर वीज गेली. सरांनी तिलाच फळ्यापाशी बोलावलं. “क्ष वर्गाचा चढ काढ.” तिनं ‘क्ष अधिक ह’ या कंसाचा वर्ग केला आणि लिहिलं, क्ष वर्ग अधिक ह वर्ग. त्यातून क्ष वर्ग वजा केला, ह नं भागलं, उरला ह. तो शून्याकडे नेला. उत्तर शून्य.

जुळी, पोरी, मधली जुळी! मला तोंड असतं तर पत्रे उडाले असते.

“वा!” सर म्हणाले. “सगळीकडे चढ शून्य! मग सकाळी ही टेकडी चढून आलीस, का सपाटीवर घरंगळत आलीस गं?”

वर्ग खो खो हसला. ज्यांच्या वहीत तेच शून्य होतं, ते सर्वांत मोठ्यानं.

मित्रांनो, मला काळं फासायला मी भीत नाही, काळ्यावरच माझा जन्म गेला. खिळे ठोका, पडदे टांगा. पण खालची पायरी काढून घेऊन वरून पडणाऱ्याला हसाल, तर या भिंतीतून मी तुमच्याकडे रोखून बघत राहीन. पायरीची निगा राखा. ती काढायला कुणी आलं, तर आडवे पडा.

सरांनी शून्य पुसलं. तिथं ‘दोन क्ष’ लिहिलं; ते जुळ्यांनीच मागं ठेवलेले, पण जुळी काही लिहिली नाहीत. “हे उत्तर. पाठ करा. समजलं... का?”

“हो, सर!”

नंतोंगो जागेवर गेली नाही. तिचा खडू माझ्या अंगाला टेकलेलाच होता. सरांनी हातानं ‘बस’ अशी खूण केली. ती वळली, पण तिनं गुडघे टेकले नाहीत.

“नाही, सर,” ती म्हणाली. “ते दोन क्ष कुठून आलं, मला कळलेलं नाही. मागच्या वर्षीही कळलं नव्हतं. मी नुसतीच हो म्हणत होते.”