लीलाबाईने दिलेला शब्द

भूत नसते, हे लीलाबाईचे सौसर तालुक्यातल्या निम्म्या गावांना सांगून झाले होते. मिशनने तिला काही त्यासाठी नेमले नव्हते. तिचे काम घरोघर जाऊन बायकांना येशूच्या गोष्टी सांगण्याचे. पण चुलीशी बसलेल्या बायका गोष्ट ऐकता ऐकता शेवटी पिंपळावरच्या हडळीवर यायच्या, आणि मग लीलाबाई पदर खोचून सांगायची की मेलेला माणूस रस्त्याने फिरत नाही, तो देवाच्या हाती जातो, विषय संपला. आवाज असा खणखणीत, की भूत असलेच तरी त्याने मुकाट्याने गाव सोडावे. अशा बाईच्या पाठीमागे चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात एक खोकला चालू लागला.

खोकला ओळखीचा होता. लोधीखेड्याजवळच्या एका गावात कलाबाई म्हणून विधवा होती. संत्र्याची लहानशी बाग आणि एकुलता एक मुलगा, गुणवंता. त्याला छातीचा रोग जडला. सरकारी गोळ्या तो चार दिवस घ्यायचा आणि बरे वाटले की सोडून द्यायचा. शेवटच्या हिवाळ्यात तो खाटेला खिळला, तेव्हा लीलाबाई अधूनमधून जाऊन त्याच्याजवळ बसू लागली. कलाबाईला तेवढीच बागेत जायला सवड मिळे. लीलाबाईला ऐकणारा कोणीतरी लागतच होता, आणि गुणवंताला तर उठून पळताही येत नव्हते. आधी तो नुसता ऐकायचा. मग विचारू लागला, आणि असे विचारू लागला की लीलाबाईला घरी येऊन पुस्तक उघडावे लागे.

एका दुपारी, आई बागेत गेलेली असताना, तो म्हणाला की मला ते पाणी दे. लीलाबाई हबकली. तीस वर्षांत तिने सांगितलेल्या गोष्टींना गणती नव्हती, पण बाप्तिस्म्याचे पाणी मागणारा एकही निघाला नव्हता. सौसरच्या चर्चमधल्या पाळकसाहेबांना घेऊन येते म्हणाली, तर तो म्हणाला, तेवढा वेळ नाही. मरणाच्या घडीला कोणीही विश्वासणारा बाप्तिस्मा देऊ शकतो, हे तिला ठाऊक होते. तिने तांब्यातले पाणी ओंजळीत घेतले आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने त्याच्या तापलेल्या डोक्यावर घातले.  त्याचा चेहरा शांत होता.

"मायले मी गेल्यावर सांगजो, मावशी," तो म्हणाला. "आता सांगतलं त ती जेवन सोडन."

"सांगीन," लीलाबाई म्हणाली.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी तो गेला. गावाने त्याला गावाच्या रीतीने अग्नी दिला आणि लीलाबाई बायकांच्या घोळक्यात तोंडाला पदर लावून उभी राहिली.  सौसरला परतून तिने पाळकसाहेबांना सगळे सांगितले. त्यांना आनंद झाला आणि लगोलग घामही फुटला. म्हणाले, बाई, फार चांगले झाले, पण आता तोंड उघडू नका. लोक म्हणतील मरत्या पोराला फसवले, आणि आपल्या चार घरांना इथे राहणे मुश्किल होईल. योग्य वेळ आली की सांगू. योग्य वेळ ही पाळकसाहेबांची फार आवडती वेळ होती, आणि ती कधी येत नसे.

पुनरुत्थानाच्या रविवारी त्यांनी छान उपदेश केला. प्रभू कबरेतून उठला, पण लगेच स्वर्गात निघून गेला नाही. चाळीस दिवस तो आपल्या माणसांत येत राहिला, त्यांच्याबरोबर रस्त्याने चालला, त्यांच्यासमोर जेवला, त्यांचा विश्वास बसावा म्हणून. ही गोष्ट लीलाबाईने स्वतः कितीदा तरी सांगितली होती. पण त्या सकाळी तिच्या मनात भलतेच आले. मेलेला माणूस परत परत येतो, म्हणजे त्याचे काहीतरी सांगायचे राहिलेले असते. आणि तेव्हाच तिला आपल्या मागे खोकला ऐकू आला. तिने वळून पाहिले. ती शेवटच्या रांगेत बसली होती आणि मागे नुसती भिंत होती.

तिथून तो तिच्याबरोबर फिरू लागला. बसमधून उतरली की मागून यायचा, प्रार्थनेला गुडघे टेकले की खाटेच्या पलीकडे असायचा. कोरडा, खोलातून ओढून आणलेला, शेवटी घशात अडकणारा. भाकरी थापता थापता तिने त्याला एकदा सुनावलेसुद्धा, की तारण झाले ना रे तुझे, देवाघरी पोचलास ना, मग जा की बाबा. भुताला ती घाबरत नव्हती. पण तारण झालेला माणूसही असा वणवण फिरत असेल, तर तीस वर्षे आपण लोकांना सांगितले काय, हा विचार तिला सोडत नसे. तो विचार घेऊनच ती दहाव्याला नदीवर गेली.

ऊन रणरणत होते. न्हाव्याचे आणि भटजीचे काम आटोपले, वाळूत पिंड ठेवला, आणि मंडळी बाजूला होऊन बाभळीकडे बघू लागली. कावळा पिंडाला शिवला म्हणजे गेलेल्याचा जीव सुटला, आणि नाही शिवला तर त्याचे मन कशात तरी अडकले आहे, अशी सगळ्यांची पक्की समजूत. मग घरच्यांनी एकेकाने पुढे होऊन शब्द द्यायचा. जो शब्द गेलेल्याला हवा असेल, त्याला कावळा उतरतो. लीलाबाई यावर नेहमी हसायची. कावळ्याला भूक लागली की तो उतरतो, म्हणायची.

बाभळीवर कावळे होते, पण एकही हलेना. गुणवंताचा काका भिवाजी पुढे झाला. बाग विकणार नाही, म्हणाला. कावळे बसून राहिले. मग म्हणाला, वहिनीला अंतर देणार नाही. शेजाऱ्यांनीही काय काय कबूल केले. शेवटी कलाबाई तापल्या वाळूतून अनवाणी पुढे गेली आणि हात जोडून म्हणाली की काय अडलं तुहं, मले सांग ना, बाप्पा. तिचा आवाज ऐकून पुरुषांनीही माना खाली घातल्या. तरी काही नाही. दर्भाचा कावळा करून शिववून टाकू, उन्हात किती वेळ उभे राहायचे, असे भिवाजी भटजींना म्हणू लागला.

खोकला लीलाबाईच्या अगदी कानाशी आला. तिच्याने राहवले नाही.

"सांगतो रे बाबू," ती पुटपुटली. "तुह्या मायले सांगतो."

एक कावळा उतरला, दोन पावले उड्या मारत गेला आणि त्याने पिंडाला चोच लावली. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. कलाबाई कावळ्याकडे बघत नव्हती. ती लीलाबाईच्या ओठांकडे बघत होती.

घरी परतताना लीलाबाईला रडू येत होते आणि स्वतःचा रागही येत होता. ज्याला आयुष्यभर हसली, तेच तिच्या शब्दावर खाली उतरले होते. एवढे होऊनही त्या दिवशी तिने सांगितले नाही. पाहुणे आहेत म्हणून टाळले, मग तेरवी होऊ दे म्हणून टाळले. पाळकसाहेबांची योग्य वेळ तिच्याही अंगात शिरली होती. खोकला तेवढा वाट बघेना. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि ती सकाळच्या बसने निघाली.

कलाबाई ओसरीवर एकटीच होती. तिने पाणी दिले, बसायला पोते टाकले आणि स्वतःच विचारले, "नदीवर तू काय बोलली?"

लीलाबाईने सगळे सांगून टाकले. सांगताना तिने स्वतःची बाजू घेतली नाही आणि पाळकसाहेबांच्या भीतीचे निमित्तही पुढे केले नाही. आता शिव्या येतील, आता ही आरडून गाव गोळा करील, अशा तयारीने ती बसली होती. कलाबाई मात्र बारीकसारीक विचारत राहिली. पाणी गार होते का, तो शहारला का, घाबरला तर नव्हता ना. तो हसला का, हेही तिने विचारले. हसला होता, असे लीलाबाईने सांगितले, आणि ते खरे होते.

कलाबाईने पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग ती एकेक शब्द जुळवत बोलली.

"म्हंजे तो तुमच्या देवाकडं गेला."

"हो."

"अन् त्याचा बाप?"

लीलाबाईला उत्तर येत होते. तिला ते पाठ होते, वचनांसकट. गुणवंताचे वडील रघुनाथराव तो मांडीवर असतानाच गेले होते, त्यांनी येशूचे नावही ऐकले नव्हते. तिने पोत्याचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला.

"मी इतके दिवस त्याच भरवशावर होती," कलाबाई म्हणाली, "का बाप त्याले घ्याले आला असन. बापानं पोराले धड पाह्यलंबी नव्हतं. तो तिकडं वाट पाहून राहिला, अन् पोरगा इकडं."

मग तूही ते पाणी घे, हे वाक्य लीलाबाईच्या जिभेवर आले. तीस वर्षे ती याच क्षणासाठी गावोगाव फिरली होती. कलाबाईने तिच्याकडे बघितले आणि ते जणू वाचलेच.

"मी पानी घेतलं त पोराजवळ जाईन. अन् नाही घेतलं त त्याच्या बापाजवळ. मी कोनाकडं जाऊ, सांग. तुले लय गोष्टी येतेत."

"मले नाही माहीत, कलाबाई," लीलाबाई म्हणाली. असे ती आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होती. म्हणता म्हणता तिचे डोळे भरून आले.

कलाबाईने मान हलवली. तिचा राग असा दिसलाच नाही. उलट लांबच्या गावाला निघालेल्या माणसाजवळ निरोप द्यावा, तशी ती सरकून जवळ आली.

"तू माह्याहून मोठी हायेस. आधी तूच जाशीन. त्याले भेटली का सांगजो, म्हनावं दारातच उभा राहाय, लय आत जाऊ नको. तुही माय तुह्या बापाले आनाले गेली हाय. त्याले घेऊन येऊन राहिली."

लीलाबाईला माहीत होते की असला निरोप घेऊ नये. तिने शिकवलेल्या कुठल्याही धड्यात हे बसत नव्हते.

"सांगीन," ती म्हणाली.

बसच्या थांब्यापर्यंत पायी रस्ता होता. मागून खोकला येईना. ती थांबली, वळून पाहिले, पुन्हा चालू लागली, पुन्हा थांबली. सुटला पोरगा, असे म्हणून तिला हायसे वाटायला हवे होते. पण ती तिथे उन्हात रस्त्यावर त्याला शोधत उभी राहिली, कारण तिला त्याला एवढेच विचारायचे होते, की बाबू, तिथे दारात कोणाला उभे राहू देतात का.