दादासोचं लिनक्स

दादासोनं फौजेत वायरलेस सेटवर उभी हयात काढलेली, पण पत्त्याच्या पानाएवढ्या या कॉम्प्युटरनं त्याची पार भंबेरी उडवली. सांगलीला शिकणाऱ्या लेकीनं, प्रांजलनं, तो धाडलेला. आत म्हणे लिनक्स. काल पहिल्यांदा चालू केला, तर पडद्यानं पासवर्ड मागितला. दादासो बोटं आपटतोय आणि पडद्यावर ठिपकासुद्धा उमटेना.

"पोरी, कीबोर्ड मेला गं," त्यानं फोन लावला.

"आबा, ती अक्षरं दिसत न्हाईत. मुद्दाम तसंच असतंय. टाका आन् एंटर दाबा."

"लिवलेलं दिसायचं न्हाई, ही कुठली रीत?" पण त्यानं दाबलं आणि गडी आत शिरला! कसा शिरला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

हा सगळा खटाटोप बायकोसाठी, हरणाबाईसाठी. वर्षभरात तिचे कान पुरते गेलेले. गेल्या महिन्यात दादासो आटपाडीला गेला आणि लांडग्यानं भरदिवसा दोन कोकरं उचलली. कुत्रं भुंकून भुंकून दमलं आणि ही आत चूल सारवत बसलेली. "उद्या तुलाच धरंल," म्हणत त्यानं मेंढरं विकायचं ठरवलं. तेव्हापासून हरणाबाईच्या घशाखाली घास उतरेना. मेंढरांतच जन्म गेलेली बाई ती! मग प्रांजलनं तोड काढली. मेंढवाड्यापाशी आवाज टिपणारं बटणाएवढं यंत्र, तिथून वायर, आणि सोप्यात लाल दिवा. कुत्रं भुंकलं की दिवा पेटणार. दिवा पेटला तर मेंढरं राहणार, नाहीतर आज दुपारी व्यापाऱ्याचा टेम्पो येणार होता.

आणि आज पडदा काळाठिक्कर!

दादासोनं वायरी उपसल्या, परत खोचल्या, तांबडीच्या जागी काळी घातली, काळीच्या जागी तांबडी, मग परत होत्या तशा केल्या. काही नाही. "काल चांगला बोलत हुता, आज काय धाड भरली ह्याला?" पुन्हा फोन.

"काल बंद करताना काय केलंत, आबा?"

"शिस्तीत बंद केलं आन् मेमरी कार्ड काढून ठेवलं. फौजेत सेट बंद केला की बॅटरी काढायचीच."

"काढायची काय गरज हुती? बरं, कार्डाला काय लागलंय का?"

"काय न्हाई."

"फोटो धाडा बघू."

फोटो गेला आणि पलीकडून पोरगी किंचाळली. "आबा, ते पिवळं काय हाय?"

"पिवळं व्हय? भंडारा हाय."

आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या घरात मोटारसायकल, रेडिओ, फवारणीचा पंप, सगळंच बिरोबाच्या भंडाऱ्यानं पिवळं. सकाळपासून दहा वेळा कार्ड हातात घेतलं, पण पिवळं काही त्याच्या डोळ्याला खुपलंच नव्हतं. रविवार म्हणून हरणाबाईनं प्रत्येक वस्तूवर चिमूट टाकलेली, कार्डावर तर दोन. तो तरातरा उठला, तर ती त्या कॉम्प्युटरच्या डबड्यापुढं हात जोडून डोळे मिटून उभी. आता हिला काय बोलायचं? राग गिळून त्यानं जुन्या टूथब्रशनं कार्ड झाडलं.

पडदा जागा झाला. ओळीमागून ओळी धावल्या, त्याला एक समजेल तर शपथ. प्रांजलनं एकेक अक्षर सांगितलं, त्यानं ठोकलं. आता कुत्र्यानं भुंकायला हवं. पण ते बाभळीखाली गाढ झोपलेलं. तेवढ्यात माळावर टेम्पोचा धुरळा उठला. दादासो पळत मेंढवाड्यापाशी गेला, कुत्र्याला ढोसलं, तर त्यानं शेपूट हलवली. काय करावं सुचेना. शेवटी यंत्राजवळ तोंड नेऊन तो स्वतःच ओरडला, "हरणेऽऽ!"

सोप्यात लाल दिवा लागला. हरणाबाई काठी घेऊन धावत बाहेर आली.

"कुटलं कुत्रं भुंकलं?"

दादासोनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"तुमी? काय म्हनालासा?"

ऐकू येत नाही म्हणून वर्षभर आपण हिला नुसतं खुणेनं बोलावतोय, हे त्याला आत्ता उमगलं. लाज वाटली त्याला. तोंड मोठं करून, तिला ओठ दिसतील असं तो सावकाश म्हणाला, "हरणे."

तिनं काठी भिंतीला टेकवली आणि परत सोप्यात जाऊन दिव्यासमोर बसली. व्यापारी टेम्पोतून उतरून दोघांकडं बघत उभा राहिला.

"आवं," ती आतून म्हणाली, "परत एकदा हाक मारा की."